इंदूरहून कोकणात घर घेण्याआधी

इंदूरच्या मराठी घरांत कोकणाचा विषय बहुधा कुलदैवताच्या निमित्ताने निघतो. कोणाचा व्याडेश्वर गुहागरला असतो, कोणाची महालक्ष्मी केळशीला, तर कोणाला हरिहरेश्वराला अभिषेक करायचा असतो. होळकरांच्या काळात नोकरीसाठी माळव्यात आलेल्या घराण्यांना कोकण सोडून कित्येक पिढ्या झाल्या, तरी लग्नमुंजीनंतर दर्शनाला जाण्याचा रिवाज टिकून आहे. परतीच्या गाडीत कोणीतरी हमखास म्हणते की येथे आपले एक लहानसे घर असावे, दिवाळीनंतर महिनाभर येऊन राहावे आणि मे महिन्यात नातवंडांना घेऊन यावे. ही इच्छा रास्त आहे आणि मी मनापासून तिच्या बाजूचा आहे. गेली तीन वर्षे माझ्या थोरल्या मावसभावासाठी दापोली आणि गुहागर तालुक्यांत घर शोधताना त्यांच्याबरोबर फिरलो, तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसलो, फेरफार वाचले, वकिलांना विचारले. त्यातून जे कळले ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. जमीन घेण्याची आपल्याला इंदूरमध्ये जी सवय झाली आहे, ती कोकणात उपयोगाची नाही. मध्य प्रदेशात बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते. सौदा ठरला, रजिस्ट्री झाली, तहसीलमध्ये नामांतरण झाले की माणूस निर्धास्त होतो. महाराष्ट्रात कायदा जमिनीकडे पाहण्याआधी घेणाऱ्याकडे पाहतो. महाराष्ट्र कूळ वहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याचे उल्लंघन करून झालेला व्यवहार कलम ८४-क खाली बेकायदा ठरवता येतो आणि जमीन शासनजमा होऊ शकते. पूर्ण किंमत मोजली होती, खरेदीखत नोंदले गेले होते, अशी बाजू मांडून तेथे सुटका होत नाही, कारण दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतो, घेणाऱ्याच्या मालकी हक्काची हमी देत नाही.

म्हणून कोकणातल्या एजंटाने समुद्र दिसणारी वीस गुंठे कलमांची बाग दाखवली, तर पहिला प्रश्न भावाचा नसून पात्रतेचा असतो. आपल्यापैकी काहींच्या नावावर देपालपूर, सांवेर किंवा महूकडे शेती आहे. त्यांनी आपला खसरा आणि बी-वन हे जमिनीचे उतारे घेऊन, ज्या तालुक्यात जमीन घ्यायची आहे तेथील तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि शेतकरी म्हणून आपण ग्राह्य आहोत काय याचे लेखी उत्तर बयाणा देण्याआधी हातात घ्यावे. "सगळे असेच घेतात, पुढे होऊन जाते" हे एजंटाचे वाक्य लेखी उत्तराची जागा घेऊ शकत नाही. आणखी एक वाट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. पणजोबांच्या किंवा आजोबांच्या नावाचा सातबारा आजही मूळ गावात जिवंत असू शकतो. वारस नोंदीचा अर्ज कोणी केलाच नाही म्हणून नाव तसेच राहिलेले असते. महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर गाव निवडून आडनावाने शोध घेता येतो. जमीन दोन गुंठे निघाली तरी वारस म्हणून नाव लागल्यावर आपण तेथील खातेदार होतो, आणि पुढच्या खरेदीचा विचार त्या पायावर करता येतो.

खसऱ्याची सवय आणि सातबाऱ्याची भाषा

आपल्याकडे जो खसरा, तो महाराष्ट्रात ढोबळमानाने सातबारा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असतो आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून त्याला सातबारा म्हणतात. एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवणारा उतारा म्हणजे आठ-अ. आपले नामांतरण म्हणजे तेथील फेरफार, पटवारी म्हणजे तलाठी, आणि आपण ज्याला डायव्हर्शन म्हणतो ते तेथे बिनशेती किंवा नुसते एनए. मोजमापात मात्र बिघा विसरावा. कोकणात बोलणे गुंठ्यांत चालते: ४० गुंठे म्हणजे एक एकर, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी.

सातबारा हातात आला की बहुतेक लोक वरचे नाव आणि क्षेत्र पाहून कागद घडी घालून ठेवतात. वाचण्यासारखे खरे तीन ठिकाणी असते. पहिले म्हणजे भोगवटादाराचा, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याचा, वर्ग. वर्ग १ असेल तर जमीन सहसा मालकाच्या इच्छेने विकता येते. वर्ग २ असेल तर शासनाच्या अटी आहेत, आणि परवानगीशिवाय ती विकता येत नाही. दुसरे म्हणजे 'इतर हक्क' हा रकाना. कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे, नाव, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाची मनाई हे सर्व तेथे असते. त्या रकान्यात कधी कधी खाजगी वनांची नोंदही आढळते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली आलेली जमीन विक्रेत्याची राहिलेलीच नसते, ती किती का हिरवीगार दिसेना. कोकणात डोंगरउतारावरच्या जमिनी घेताना हे तपासणे टाळू नये. तिसरे म्हणजे फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले हे आकडे जमिनीचा इतिहास सांगतात. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढून मागे मागे जात निदान ३० वर्षांचा माग घ्यावा. वकील ज्याला शोध अहवाल म्हणतात तो याच कामाचा आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या, तपासणीचा मिळून तयार होतो.

कुळांचा मुद्दा कोकणात फार खोलवर गेलेला आहे. गावचा महसूल खोतामार्फत गोळा करण्याची खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने गेली, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि कूळ कायद्याच्या कलम ३२-म चे प्रमाणपत्र घेऊन अनेकांची नावे लागली. अशी जमीन विकताना कलम ४३ आडवे येते. प्रमाणपत्राला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा शासनाला भरून विक्रीची वाट मोकळी होते. तो नजराणा भरल्याचे चलन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रक्कम किरकोळ असते, पण चलन नसले तर अडचण मोठी असते.

एकोणीस नावे

आम्हाला दापोली तालुक्यात एक घर फार आवडले होते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे न्हाणीघराशेजारी फणस. घर दाखवणारे गृहस्थ म्हणाले की घर त्यांचेच आहे, आणि ते खोटे बोलत नव्हते, कारण त्यांचे बालपण त्या घरात गेले होते. तलाठी कार्यालयात सातबारा काढला तेव्हा त्यावर एकोणीस नावे होती. त्यांतील पाच व्यक्ती हयात नव्हत्या. उरलेले मुंबई, पुणे, बडोदा आणि एक जण परदेशात. गृहस्थांचा स्वतःचा हिस्सा होता रुपयात बारा पैशांच्या आसपास. त्यांना तेवढाच विकता आला असता, आणि तो घेतल्यावर आम्ही अठरा अनोळखी माणसांचे सहहिस्सेदार झालो असतो, नेमक्या कोणत्या कोपऱ्यात आपला हिस्सा आहे हे कळण्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागला असता.

कोकणात हे अपवादाने घडत नाही. घरातले कर्ते मुंबईला गेले, जमिनी सामाईक राहिल्या, आणि वाटप तोंडी झाले. भावाभावांनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, घालून आपापली आवारे वेगळी केली, तरी कागदावर सर्व एकत्रच आहे. म्हणून विक्रेत्याने दाखवलेला गडगा पाहून हद्द मानू नये. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, मोजणीला शेजाऱ्यांना नोटिसा जातात हे पाहावे, आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दींचा नकाशा, खरेदीखताला जोडावी.

बहिणींच्या सह्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण गावात अजूनही "मुलींनी काही मागितलेले नाही" असे सहज सांगितले जाते. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क शाबूत राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केले. बहिणीने हिस्सा सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र असले पाहिजे. साध्या कागदावरचे संमतीपत्र चालत नाही. नसेल तर ती खरेदीखतावर विक्रेती म्हणून सही करेल आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यात जाईल, असा आग्रह घेणाऱ्यानेच धरावा. यात कायद्याची सुरक्षितता तर आहेच, पण ज्या घरात आपण शांततेसाठी जाणार आहोत ते कोणाचा हक्क डावलून घेतलेले नसावे, असेही मला वाटते.

कुलमुखत्यारपत्रावर विक्री करणारा माणूस समोर आला तर अधिक सावध व्हावे. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितले आहे. मुखत्यार खरेदीखतावर सही करू शकतो, परंतु मूळ मालक हयात आहे आणि त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, याची खात्री आपण करून घ्यायची असते. फोनवर व्हिडिओ कॉल करून मालकाशी बोलणे हा साधा उपाय आहे आणि कोणाला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

घर एकाचे, जमीन कोणाची?

शेतकरी नसलेल्या इंदूरकराने काय घ्यावे, या प्रश्नाला माझे उत्तर एकच आहे: गावठाणातील, म्हणजे गावाच्या वस्तीसाठी राखलेल्या जागेतील, किंवा बिनशेती जमिनीवरील जुने, उभे घर. गावठाणातील घराला शेतजमिनीची अट लागू होत नाही, वीज आणि वाट आधीपासून असते, आणि शेजार असतो. वर्षातले नऊ-दहा महिने बंद राहणाऱ्या घराला शेजार हे मोठे संरक्षण असते.

परंतु येथेही एक कोकणी गुंता आहे. देशावरच्या किंवा माळव्यातल्या गावाप्रमाणे कोकणातील घरे एकाला एक लागून नसतात. प्रत्येक वाडी वेगळी, आणि घर आपापल्या आगरात किंवा परसात उभे. त्यामुळे पुष्कळ घरे गावठाणाच्या हद्दीत नसून शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरमध्येच आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर, घराची नोंद असते आणि विक्रेता तोच कागद मालकीचा पुरावा म्हणून दाखवतो. तो कर भरल्याचा पुरावा आहे, जमिनीच्या मालकीचा नव्हे. घर एकाचे आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची, असेही कोकणात जागोजाग आढळते. म्हणून दोन्ही कागद समोरासमोर ठेवून पाहावे: असेसमेंटचा उतारा कोणाच्या नावे आणि त्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेतले आहे. ज्या गावात ती मिळाली आहेत तेथे हा तपास बराच सोपा झाला आहे.

घर शेतजमिनीत निघाले तर बिनशेतीचा आदेश आहे काय ते पाहावे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी बरीच सुलभता मिळते, आणि प्रादेशिक आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीलाही सवलती आहेत. जमीन त्यात बसते की नाही याचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. तो दाखला विक्रेत्याने आणून द्यावा असे म्हणण्यापेक्षा आपण स्वतः अर्ज करून घ्यावा.

"एनए बंगलो प्लॉट" म्हणून जाहिरात होणाऱ्या योजनांविषयी थोडक्यात. क्षेत्र ५०० चौरस मीटरहून जास्त आणि घरे आठांहून जास्त असतील तर महारेरामध्ये, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून मंजूर रेखांकन पाहता येते. जेथे शेतजमिनीचे तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे "समजुतीचा नकाशा" दाखवून विकले जातात, तेथे तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येतो. जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकड्याचा स्वतंत्र सातबारा सहजासहजी होत नाही, आणि घेणारा पुन्हा सामाईक नावांच्या यादीत जाऊन बसतो.

भरतीची रेषा

आता समुद्राकडे वळू. समुद्राजवळचे घर घेताना कागदांइतकीच महत्त्वाची एक रेषा असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. ती २०११ मध्ये आणि पुन्हा १८ जानेवारी २०१९ रोजी बदलली. सर्वजण तिला सीआरझेड म्हणतात. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथपर्यंत पोचते, ती भरतीरेषा नकाशावर ठरवलेली असते. समुद्राच्या बाजूला तेथून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागू होतात. खाडीच्या काठी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ही पट्टी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढी असते. समुद्र दिसत नाही म्हणजे सीआरझेड नाही, अशी समजूत येथे फसवते. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीत पाणी पुष्कळ आतपर्यंत खारे असते, आणि वर्षाच्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात दर हजारी ५ भाग क्षार जेथपर्यंत मोजले जातात, तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानतात.

या पट्टीचे वर्ग आहेत. खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा हे पहिल्या वर्गात येतात. वेळास आणि आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. अशा पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून प्लॉट मिळत आहे म्हणजे भाग्य उघडले असे न समजता अधिक चौकशी करावी. शहरी, आधीच वस्ती झालेला भाग दुसऱ्या वर्गात. आपल्याला ज्याचा संबंध येतो तो तिसरा वर्ग, म्हणजे ग्रामीण किनारा. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ गावांत २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बहुतेक खेडी विरळ वर्गात मोडतात, म्हणून २०० मीटर धरूनच चालावे. या क्षेत्रात नवे घर बांधता येत नाही. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, परंतु जोत्याचे क्षेत्र आणि बांधकाम होते त्याहून वाढवता येत नाही. त्यापलीकडे ५०० मीटरपर्यंत जुन्या कोळीवाड्यांतील आणि गावठाणांतील पारंपरिक हक्काच्या घरांना तळमजला आणि एक मजला, उंची ९ मीटर, अशी मोकळीक आहे. बाहेरून येऊन मोकळ्या जागेवर बंगला उभारणाऱ्याने ती मोकळीक आपल्यालाही आहे असे गृहीत धरू नये.

'अधिकृत' हा शब्द येथे कळीचा आहे. विक्रेता "घर जुने आहे" म्हणतो तेव्हा किती जुने, हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतून सिद्ध झाले पाहिजे. फेब्रुवारी १९९१ पूर्वीची नोंद, तेव्हाचे क्षेत्र आणि आजचे क्षेत्र यांची तुलना करावी. मूळ दोन खोल्यांच्या घराला मागून चार खोल्या जोडून "होमस्टे" केलेले असेल, तर त्या चार खोल्यांची किंमत आपण देऊ नये. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

नियम मोडल्यावर काय होते याची उदाहरणे ताजी आहेत. कोचीजवळ मराडू येथील चार बहुमजली इमारती सीआरझेडचे उल्लंघन करून बांधलेल्या ठरल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटके लावून त्या पाडण्यात आल्या. तेथील घरे घेणाऱ्यांनी कर्ज काढले होते, कर भरला होता, नोंदणी केली होती. आपल्या अलिबागजवळच्या किहीम किनाऱ्यावर नीरव मोदी यांचा बंगलाही ८ मार्च २०१९ रोजी असाच पाडला गेला. म्हणून सर्व्हे नंबर घेऊन मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपली जागा कोठे पडते ते पाहावे, आणि शंका असेल तर अधिकृत संस्थेकडून भरतीरेषेचे अंतर दाखवणारा नकाशा करून घ्यावा. खर्च होतो, परंतु त्यानंतर कोणी पावलांनी अंतर मोजून "तीनशे मीटर असेल" असे सांगितले तर त्यावर विसंबण्याची वेळ येत नाही.

पाणी, वाट आणि पाऊस

घर पाहायला दोनदा जावे: एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये. डिसेंबरातले कोकण प्रत्येकालाच आवडते, त्यामुळे त्या महिन्यात घराची पारख होत नाही. आम्ही गुहागर तालुक्यातले एक घर मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहिले. अंगणात दगडी पायऱ्यांची सुंदर विहीर होती, रहाट होता, पाणी नितळ होते. मावसभावाच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी कोणाला न विचारता पोहरा ओढला, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि चूळ भरून टाकली. पाणी मचूळ होते. शेजारच्या आजींनी मग सांगितले की होळीनंतर पाणी उतरते आणि खारेपण चढते, पाऊस पडला की पुन्हा गोडे होते, आणि तोवर पिण्याचे पाणी वरच्या वाडीतून आणावे लागते. नातवंडांना नेमके मे महिन्यातच न्यायचे असेल तर हे कळणे सातबाऱ्याइतकेच महत्त्वाचे. विहीर सामाईक असेल तर पाण्यातला हिस्सा खरेदीखतात लिहून घ्यावा. भरतीरेषेजवळ नवी बोअर मारण्यावरही निर्बंध आहेत, त्यामुळे "नंतर बोअर मारू" या आश्वासनावर घर घेऊ नये.

वाटेचेही तसेच. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून घराशी जाणे मोठे सुखद असते, परंतु ती पाखाडी कोणाच्या जमिनीतून जाते, आणि रुग्णाला खुर्चीवरून वर आणायची वेळ आली तर वाहन किती अंतरावर येते, हे पाहून ठेवावे. वाट शेजाऱ्याच्या आवारातून असेल तर तोंडी वहिवाटीवर न थांबता नोंदणीकृत करार करून घ्यावा.

पावसाचा अंदाज माळव्यातल्या माणसाला येत नाही. इंदूरला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो. रत्नागिरीकडे तो तीन हजारांहून अधिक. कौलारू घर दरवर्षी पावसापूर्वी शाकारावे लागते, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून, वासे-रिपा पाहून पुन्हा लावावी लागतात. खाऱ्या वाऱ्याने लोखंड दोन-तीन वर्षांत फुगते, म्हणून खिडक्यांना साधे गज टाळावेत. बंद घरात वाळवी शांतपणे काम करते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन आणि दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांची छपरे उडाली. त्यामुळे घराचा विमा घेताना त्यात वादळाचे संरक्षण आहे काय ते वाचावे, आणि घरावर झुकलेला माड असेल तर त्याचा निर्णय आधी करावा. घराकडे पाहणारा माणूस गावातला असावा, त्याला वर्षभराचा मोबदला ठरवून नियमित द्यावा, आणि महिन्यातून दोनदा दारे-खिडक्या उघडण्याचे काम त्याच्याशी स्पष्ट बोलून ठरवावे.

पैसे आणि दस्त

व्यवहार ठरल्यावर स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतीसाठी चौदा-पंधरा दिवस थांबावे. बयाणा द्यायचा तर नोंदणीकृत साठेखत करून द्यावा आणि त्यात "शीर्षक स्वच्छ न निघाल्यास रक्कम परत" ही अट घालावी. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकातला दर आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. व्यवहार ५० लाख किंवा अधिक रकमेचा असेल तर ग्रामीण शेतजमीन वगळता एक टक्का टीडीएस कापून भरणे ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. गावठाणातील जुन्या घराला मंजूर नकाशा नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून पैशांची सोय आधीच पाहावी. काही रक्कम रोखीने द्या, असा आग्रह विक्रेत्याने धरला तर मी सांगेन की तो व्यवहार सोडून द्यावा.

खरेदीखत झाल्यावर काम संपत नाही. फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर ही नोटीस इंदूरहूनही पाहता येते. ग्रामपंचायतीत असेसमेंटला नाव लावणे, वीजमीटर आपल्या नावे करणे आणि विहिरीच्या हिश्शाची नोंद घेणे ही कामे त्याच फेरीत उरकावीत, कारण कोकण रेल्वेने जाणारी इंदूर–तिरुवनंतपुरम नॉर्थ (पूर्वीचे कोचुवेली) गाडी आठवड्यातून एकदाच असते, आणि पावसाळ्यात त्या मार्गाचे वेळापत्रक वेगळे व संथ असते.

मावसभावाने शेवटी समुद्रापासून दीड किलोमीटर आत, गावठाणातले तीन खोल्यांचे घर घेतले. तिघे भाऊ आणि दोघी बहिणी अशा पाचही विक्रेत्यांनी दुय्यम निबंधकांसमोर सह्या केल्या. धाकट्या बहिणीने सही केल्यावर माजघरातली आईची पाटी आणि पाटा-वरवंटा मागून घेतला, आणि वहिनींनी दोन्ही वस्तू स्वतः पुसून तिच्या गाडीत ठेवल्या. पडवीतून समुद्र दिसत नाही, परंतु रात्री वारा पडल्यावर गाज ऐकू येते. विहीर मेमध्येही गोडी राहते. यंदा शाकारणी मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरली आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला झडीसाठी झावळ्यांचे झाप बांधून झाल्यावरच ते दोघे इंदूरला परततील.